घुबडाचा पत्ता

पहिल्या सत्राची परीक्षा संपली, दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला, तेव्हा मी आठवी-नववीच्या मुलींच्या वह्यांतून घरोघरी एक चिठ्ठी पाठवली. रविवारी सकाळी साडेसहा ते दहा, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पक्षी पाहायला जायचे आहे, पालकांनी सही करावी, एवढाच मजकूर. शेवटी ‘विशेषतः घुबडे’ असे दोन शब्द जोडले आणि तिथेच फसले. चौदा चिठ्ठ्या गेल्या, सहीसकट अकरा परत आल्या. त्यातल्या एका अब्बूंनी सहीखाली उर्दूत लिहिले होते, “आपा, उल्लू देखने इतनी दूर क्यों जाना? हमारे घर में तीन हैं.”

मी हसले. पण न आलेल्या तीन चिठ्ठ्यांपैकी एका घरून निरोप आला होता, त्यावर हसता येईना. मुलीची भाभी बाळंतपणासाठी घरात होती. “लड़की उल्लू देखून घरात येईल, नको,” असे तिच्या अम्मीचे म्हणणे.

आपल्या घरांत या पक्ष्याचे दोनच उपयोग आहेत. दिवसा शिवी द्यायला आणि रात्री घाबरायला. उर्दू शिकवताना मला याची गंमत वाटते. फारसी-उर्दूत ‘हुमा’ हा भाग्याचा पक्षी. त्याची सावली ज्याच्या डोक्यावर पडेल तो बादशाह होतो. म्हणून आपण मुलींची नावे हुमा ठेवतो, हुमायूँ हे नावही त्यातलेच. आणि मराठीत एका मोठ्या घुबडाला ‘हुमा घुबड’ म्हणतात! एका भाषेत ज्याची सावली मागायची, दुसऱ्या भाषेत त्याच नावाच्या पाखराच्या सावलीला भ्यायचे. वर्गात एक हुमा आहे. हे सांगितल्यापासून ती माझ्यावर रागावली आहे.

असो. रविवारी फजर आटोपून आम्ही शालिमारला जमलो. अकरा मुली, दोन अम्मीजान, दोन दुर्बिणी (एक माझी, एक मागून आणलेली), डब्यांत पराठे आणि अंड्याची भुर्जी. सिटीलिंकच्या बसने पायथ्याशी उतरलो तेव्हा नेहरू वनोद्यानाच्या बाजूला नुकते ऊन येत होते. वर डोंगराच्या कुशीत दोन हजार वर्षांपूर्वीची चोवीस लेणी. मुलींना लेणी पाहायची घाई. मी म्हटले, आज वर बघायचेच नाही, खाली बघायचे.

घुबड शोधायचे म्हणजे आधी जमीन शोधायची, ही गोष्ट मला पंधरा वर्षांपूर्वी एका जुन्या पक्षीमित्रांनी शिकवली. घुबड दिवसा हलत नाही, बोलत नाही, आणि रंगाने झाडाच्या सालीत असे मिसळते की चार हातांवरून दिसत नाही. पण ते रोज एकाच जागी बसते. त्यामुळे त्या जागेखाली खुणा साचतात. फांदीच्या बुंध्यावर किंवा खडकावर चुना उडाल्यासारखे पांढरे ओघळ. आणि जमिनीवर अंगठ्याएवढ्या गोळ्या. ही विष्ठा नव्हे. घुबड उंदीर सबंध गिळते, मांस पचवते, आणि केस-हाडे पोटात गोळा करून काही तासांनी तोंडावाटे बाहेर टाकते. गव्हाणी घुबडाची ताजी गोळी काळी, ओलसर, वार्निश लावल्यासारखी चकचकीत असते. दोन-चार दिवसांत वाळून करडी पडते. म्हणजे गोळी पाहून घुबड आज इथे होते की मागच्या आठवड्यात, तेही कळते.

तिसरी खूण कानाने शोधायची. बुलबुल, कोतवाल, खारी, कावळे एखाद्या झाडाभोवती एकदम कालवा करू लागले तर तिथे साप असतो, नाहीतर घुबड. मोहल्ल्यात कुणाच्या दारात बायका जमल्या की काहीतरी घडलेय हे आपण ओळखतो, तसेच.

कालव्याने आम्हाला पहिला पक्षी दिला. एका कडुनिंबावर खारी चिर्रचिर्र करत होत्या. वर ढोलीच्या तोंडाशी दोन पिंगळे, खांद्याला खांदा लावून, कोवळे ऊन खात बसलेले. साळुंकीएवढे अंग, पाठीवर पांढरे ठिपके, आणि डोळे पिवळेजर्द. आमच्याकडे पाहून एकाने मान खाली-वर, खाली-वर केली, जणू सजदा विसरून रुकूतच अडकलाय. मुली हसून लोटपोट. एकीने विचारले, तो डोळे का फिरवत नाही? फिरवू शकतच नाही. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, म्हणून मान फिरवावी लागते. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. जवळजवळ पाठीमागून वळसा घालून ते दुसऱ्या खांद्यावरून पाहू शकते. आणि दिवसा आंधळे असते म्हणतात तेही खोटे. पिंगळा तर भर उन्हात आम्हाला एकेक करून मोजत होता.

पिंगळा सापडला म्हणजे काही मोठे नाही. तो शहरात, शेतात, शाळेच्या आवारातही असतो. मला मुलींना शृंगी घुबड दाखवायचे होते. हातभर उंच, डोक्यावर कानासारखे पिसांचे दोन तुरे, नारिंगी डोळे. ते डोंगराच्या कपारीत, ओढ्याच्या दरडीत बसते. खडकावर पांढरे ओघळ आम्हाला तीन ठिकाणी दिसले. प्रत्येक ठिकाणी दुर्बीण लावून पंधरा-पंधरा मिनिटे खडक चाळला. एक पारव्यांचे निघाले. दुसरे कशाचे ते कळले नाही. तिसऱ्या ठिकाणी एका मुलीला कानवाला दगड दिसला, आणि तो दगडच होता. नऊ वाजले, ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागले. शृंगी घुबड दिसले नाही.

म्हणून तर पांडवलेण्यांचे नाव मी इथे खुशाल लिहिते आहे. जिथे घुबड दिसले नाही तिथले नाव सांगायला हरकत नाही. जिथे दिसले तिथले सांगायचे नसते, ते का, हे पुढे येईलच.

झाडाखाली डबे उघडले. मुली हिरमुसल्या होत्या. मी त्यांना खानदेशातली गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्याच नाशिक विभागातली आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. जगात इतर कुठेही नाही, फक्त मध्य भारताच्या जंगलांत. 1872 साली एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते आजच्या छत्तीसगडात प्रथम मिळाले. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचे नाव दिले. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव आपण इतिहासाच्या पेपरात काँग्रेसच्या स्थापनेपाशी लिहितो. नंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात आणखी काही रानपिंगळे टिपले. 1884 नंतर मात्र हा पक्षी नाहीसा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात भरलेले नमुने, बाकी काही नाही. सलीम अलींनी आणि त्यांचे अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांनी 1970 च्या दशकात शोधून पाहिले. मिळाला नाही.

या सातांतला एक नमुना कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहेगन यांच्या संग्रहातला होता. त्यावर चिठ्ठी होती, 1914, मांडवी, तापीकाठ, गुजरात. म्हणजे सर्वांत अलीकडचा पत्ता तोच. पण अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी 1990 च्या दशकात तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा आतली शिवण आणि भरण उलगडून पुन्हा केलेली दिसली. तो पक्षी डेव्हिडसनने खानदेशात टिपलेला. साहेबांनी तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला, नव्याने भरला आणि त्यावर खोटा पत्ता चिकटवला. असे कितीतरी पक्षी त्यांनी चोरले होते, हे नंतर उघड झाले.

खोटा पत्ता बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे 1997 च्या नोव्हेंबरात खऱ्या पत्त्यांवर निघाले. आधी छत्तीसगडाकडे गेले, काही हाती लागले नाही. मग शहाद्याजवळच्या सातपुड्यात आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर, लख्ख उजेडात, रानपिंगळा बसला होता. 113 वर्षांनी! सगळे समजत होते घुबड म्हणजे रात्रीचे. हा दिवसाही वावरणारा निघाला. नंतर मेळघाटात, अगदी ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या जंगलातही तो सापडला.

मुलींना मायनर्ट्झहेगनचा राग आला. एकीने विचारले, त्याला शिक्षा झाली का? नाही, तो 1967 साली वारला, तोवर मोठा माणूस म्हणूनच मिरवला. मुलींना हे पटले नाही. मलाही पटत नाही, पण इतिहासाचे पेपर असेच असतात.

परतीच्या बसमध्ये आठवीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. वर्गात ती बोलत नाही. डोंगराखाली सगळ्या जणी दुर्बिणीसाठी भांडत होत्या तेव्हा ही मागे उभी राहून जमिनीवरच्या गोळ्या शोधत होती. बस मुंबई नाक्याला आली तेव्हा म्हणाली, “आपा, खरा पत्ता सांगितला की घुबड सापडतं. आणि सापडलं की कुणी घेऊन गेलं तर?”

मी म्हटले, कुणी नेणार आहे का?

मग तिने हळूहळू सांगितले. तिच्या घरामागे एक जुने झाड आहे. (कोणते, कुठल्या गल्लीत, ते विचारू नका.) त्याच्या ढोलीत दोन घुबडे राहतात, पांढऱ्या तोंडाची. तिने वर्णन केले त्यावरून मी ओळखले, गव्हाणी घुबडे. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, रात्री घशातून खरखरीत किंचाळी. घरात दादा सहा महिने अंथरुणाला खिळलेले. दादी रोज म्हणते, ही बला ढोलीत आली तेव्हापासून यांची तब्येत उतरली. आणि आता तिच्या मोठ्या भावाला कुणी एक माणूस भेटला आहे. दिवाळीच्या अमावस्येआधी जिवंत घुबड हवे, म्हणतो. जे पैसे देऊ केलेत ते त्यांच्या घराचे चार महिन्यांचे भाडे आहे. भाऊ रिक्षा चालवतो. काल रात्री घरात बोलणे झाले, बलाही जाईल आणि दादांच्या औषधाचे पैसेही येतील.

“मी तुम्हाला सांगितलं हे भाईजानला सांगू नका,” ती म्हणाली.

अमावस्येला घुबड विकत घेणारी माणसे कुठल्या एका धर्माची नाहीत, हे आधी स्पष्ट केलेले बरे. माझ्या हिंदू शेजारणींसाठी घुबड लक्ष्मीचे वाहन आहे, त्या त्याला हातही लावणार नाहीत. पण गुप्तधन काढून देतो, धंद्याची नजर उतरवतो म्हणणारे मांत्रिक आहेत. आणि आपल्यातही तावीजात घुबडाचे नख घालून देणारे बाबा आहेत, हे झाकून काय उपयोग? गिऱ्हाईक सगळ्या मोहल्ल्यांतून येते. 2010 साली ट्रॅफिक इंडिया या संस्थेने या व्यापारावर अहवाल काढला. तो लिहिणारे पक्षीतज्ज्ञ अबरार अहमद यांनी देशभरचे पाखरांचे बाजार फिरून दाखवले की भारतात आढळणाऱ्या 30 जातींच्या घुबडांपैकी 15 जाती चोरून विकल्या जातात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. घुबड पकडणे, विकणे, विकत घेणे, सगळे त्याखाली गुन्हा. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. कायदे आहेत. रिक्षाचा हप्ताही आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि कारण फक्त ही मुलगी नव्हती.

मी नऊ वर्षांची होते. जुन्या नाशकात नानीचा वाडा होता, वरच्या माळ्यावर अंधार आणि मोडके सामान. तिथे असेच एक पांढऱ्या तोंडाचे घुबड राहत असे. नाना आजारी पडले. एका रात्री ते घुबड छपरावर ओरडले आणि पहाटे नाना गेले. तिसऱ्या दिवशी मामूंनी माळ्यावर मिरच्यांची धुरी केली. शिडी मी धरली होती. घुबड भर दुपारी धडपडत बाहेर आले, समोरच्या भिंतीवर बसले, आणि दोन मिनिटांत कावळे जमले. मी खाली उभी राहून पाहत होते. नानी रडत होती, नानांसाठी. मला घुबडासाठी रडू येत होते आणि ते मी कुणालाच सांगितले नाही, कारण त्या घरात त्या दिवशी घुबडासाठी रडणे म्हणजे बेअदबी झाली असती.

पुढे बीएड करताना हॉस्टेलवर बुखारी शरीफचा उर्दू तर्जुमा वाचत होते. त्यात एक हदीस आली, तुम्ही ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाखरांवरून शकुन पाहण्याला आधार नाही असे सांगितले, आणि त्याच दमात ‘हामा’ नाही असेही सांगितले. हामा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. खाली शरह होती. इस्लामपूर्व अरबांचा समज असा की खून झालेल्याचा बदला घेतला नाही तर त्याचा आत्मा घुबड होऊन कबरीवर ओरडत राहतो. काही विद्वानांनी दुसरा अर्थ दिला होता. घुबड घरावर बसले की घरधनी मरणार, असे अरब मानत, तो समज म्हणजे हामा. पुस्तक हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले. चौदाशे वर्षांपूर्वी ज्याला ‘नाही’ म्हटले गेले ते आमच्या माळ्यावर तसेच्या तसे होते. फक्त अरबीऐवजी दखनीत. आणि आम्ही पाच वेळा नमाज पढणारे लोक होतो.

पण ही हदीस घेऊन मी त्या मुलीच्या दादीकडे गेले नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईला हदीस फेकून मारणे मला जमत नाही. नानीला तेव्हा कुणी ऐकवली असती तर तिने ऐकली असती का? भीती अज्ञानातून येते असे आम्ही शिक्षक मंडळी फार सहज म्हणतो. ती दुःखातून येते. कारण हवे असते माणसाला, आणि कारण छपरावर बसलेले असते.

मी सोमवारी संध्याकाळी दादांची तब्येत विचारायला गेले. सोबत मोसंबी नेली आणि पर्समध्ये कागदाच्या पुडीत वाळलेल्या सात गोळ्या. मुलीने त्या सकाळीच झाडाखालून वेचून आणल्या होत्या.

दादी निफाडकडच्या. बोली आपल्यासारखीच, निम्मी मराठी, निम्मी दखनी. चहा झाला. घुबडाचा विषय मी काढायच्या आत त्यांनीच काढला. “टीचर, ते बसतं तिथं माणूस टिकत नाही.” मी वाद घातला नाही. म्हटले, दादी, ही पोरगी विज्ञानाला एक गंमत दाखवणार आहे, तुम्हीपण बघा. बशीत डेटॉलचे कोमट पाणी घेतले, गोळ्या भिजवल्या, आणि मुलीने टाचणीने एकेक उकलली. केसांच्या लगद्यातून कवट्या निघू लागल्या. तांदळाएवढे दात, सुईएवढी हाडे. तिने वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. सात गोळ्यांत उंदरांच्या सतरा कवट्या, आणि एक लांबट तोंडाची चिचुंद्री.

दादी चष्मा लावून वाकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे सगळे आमच्या घरातले?”

आसपासचेच, मी म्हटले. अंधारात नुसत्या आवाजावर पकडतात. यांचे दोन कान वर-खाली असतात, एक थोडा वर, एक खाली. त्यामुळे उंदीर नेमका कुठे खुडखुडला ते कळते. पंखांना मऊ झालर असते, उडताना आवाज होत नाही. उंदराला कळतही नाही.

आणि मग जे झाले ते मी ठरवून केले नव्हते. दादी म्हणाल्या, “माझे अब्बा हरभऱ्यात काठ्या रोवायचे. पाखरं बसायला. दिवसा कोतवाल बसायचा, अळ्या खायचा. रात्री त्याच काठीवर पिंगळा.” मी विचारले, त्याला हाकलायचे का? “का हाकलायचं? तो उंदरावर असायचा.” थोडे थांबून म्हणाल्या, “पहाटे पिंगळा जोशी यायचा कंदील घेऊन, म्हणायचा पाखरू मला सांगून गेलं, तुमच्या घरी असं होणार. अब्बा त्याला दाणे द्यायचे. पण ऐकायचे नाहीत.”

शेतातल्या घुबडाला त्या कधी भ्याल्या नव्हत्या. शहरात आल्यावर, म्हातारपणी, आजाऱ्याच्या उशाशी भ्याल्या.

मी निघताना भाऊ रिक्षा लावून आला. त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर कवट्यांची ओळ होती आणि बहीण त्याला न विचारता सांगू लागली, हा डावा जबडा, हा उजवा. मुलीला दिलेला शब्द मला मोडायचा नव्हता, म्हणून मी घुबड विकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त वनविभागाचा 1926 हा नंबर तिच्या वहीच्या मागे लिहून दिला. जखमी पाखरू सापडले तर कामी येतो, असे मोठ्याने म्हटले. भावाने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले असावे. चार महिन्यांचे भाडे ही लहान गोष्ट नव्हे आणि तो वाईट मुलगा नाही. त्याला मी काय देऊ शकत होते? शाळेत एका सहकाऱ्यांच्या ओळखीने दादांची औषधे थोडी स्वस्त मिळण्याची सोय झाली, तेवढेच. ती चार महिन्यांच्या भाड्याच्या जवळपासही जात नाही.

आता पत्त्याविषयी. पक्षी पाहणाऱ्यांत एक नियम आहे. बसलेल्या घुबडाची जागा आणि कुठल्याही पक्ष्याचे घरटे, यांचा पत्ता जाहीर करायचा नाही. फोटो टाकला तरी ठिकाण लिहायचे नाही. मुलींना मी मायनर्ट्झहेगनची गोष्ट सांगितली ती खऱ्या पत्त्याचे मोल कळावे म्हणून, आणि त्याच दिवशी त्यांच्यातल्या एकीने मला पत्ता लपवण्याचे मोल शिकवले. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत का, यावर वर्गात चर्चा झाली. नववीतली एक म्हणाली, खोटे बोलणे वेगळे, अमानत राखणे वेगळे. मी फळ्यावर लिहून ठेवले.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, मुसलमान मुलींना या पाखरांच्या नादाला कशाला लावायचे? मला एका पालकांनी विचारलेही. मी त्यांना सलीम अलींचे नाव सांगितले. मुंबईच्या बोहरा घरातला मुलगा, दहा-बारा वर्षांचा, छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारतो आणि तिच्या गळ्याखाली पिवळा डाग दिसतो. ही वेगळीच चिमणी, खायला हलाल की नाही? मामू अमीरुद्दीन तय्यबजींनाही ती ओळखेना, म्हणून त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. त्या एका घरगुती प्रश्नातून भारताला पक्षीशास्त्र मिळाले म्हटले तरी चालेल. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 पासून छापले जाते आहे. 12 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, आणि 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात घरातल्या मुलांना सकाळी तासभर बाहेर न्या. घुबड दिसले नाही तरी चालते.

दिवाळीची सुट्टी लागली. अमावस्येच्या रात्री फटाक्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. मी दोनदा गॅलरीत गेले. फोन करावा वाटला, पण केला असता तर भावालाच उचलावा लागला असता, घरात फोन त्याच्याकडे. इशाची नमाज पढले, दुआत एका पाखराचे नाव घ्यावे की नाही याचा विचार करत बसले, आणि घेतले.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी ती मुलगी प्रार्थनेच्या रांगेत दिसली नाही. पहिल्या तासाला उशिरा आली. दादा आहेत, पण बोलत नाहीत आता, एवढे तिने हजेरीच्या वेळी सांगितले. मी पुढचे नाव घेतले. तास संपला, मुली बाहेर पळाल्या, तेव्हा ती टेबलाजवळ आली आणि वर्तमानपत्राची एक लहान पुडी ठेवून गेली. काही बोलली नाही.

उघडली. आत एकच गोळी होती. काळी, ओलसर, चकचकीत.